तिसरे अभिसरण

वार पडली की ती अख्खी पडली का ते पाहायचे, तुकडा आत राहिला नाही याची खात्री करायची आणि मग ती पुरून टाकायची. आपल्याकडच्या सुईणींचा हा शिरस्ता. त्यामागे बाळंतिणीच्या जिवाची पक्की जाण होती, कारण तुकडा आत राहिला तर रक्तस्राव थांबत नाही. पण कधी कधी जुळी जन्मत. त्यातले एक लालबुंद आणि सुजट, दुसरे पांढरेफटक आणि काटकुळे असे, आणि दोन-तीन दिवसांत दोन्ही जात. त्याचे कारण वारेबरोबर जमिनीत गाडले जाई. मागे उरे ती दृष्ट लागल्याची कुजबुज, किंवा गरोदरपणात जावळी केळी खाल्ल्याचा ठपका. तोही आईवरच.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात जुळ्यांविषयी नेमका प्रश्न विचारला आहे: दोघांतले एक मोठे आणि दुसरे लहान का होते? उत्तर असे की, पूर्वकर्मामुळे शुक्र आणि शोणित यांची वाटणी विषम होते. त्याच स्थानात पुढे, आठव्या अध्यायात, नागोदर नावाच्या अवस्थेचे वर्णन आहे. उपासतापास आणि व्रते करणाऱ्या, अपुरे खाणाऱ्या, स्निग्ध पदार्थ टाळणाऱ्या स्त्रीचा गर्भ सुकतो, वाढत नाही, असे तिथे सांगितले आहे. चरकाला आजचा विकार ठाऊक होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. मला लक्षात घ्यावेसे वाटते ते एवढेच, की जुळ्यांची विषमता एका अध्यायात आली आणि आईचे पोषण दुसऱ्यात. आधुनिक वैद्यकातही हे दोन प्रश्न शंभरहून अधिक वर्षे असेच वेगवेगळ्या पानांवर राहिले. ते एकमेकांजवळ कसे आले, त्याची ही हकिगत आहे.

आधी विकार समजून घेऊ. एकाच फलित बीजाचे दोन भाग झाले की एकसारखी दिसणारी जुळी होतात. हे विभाजन पहिल्या तीन दिवसांत झाले तर दोघांना स्वतंत्र वार मिळते. साधारण चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान झाले तर पिशव्या दोन, पण वार एकच. एकसारख्या जुळ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश या दुसऱ्या प्रकारची असतात. त्यांच्या वारेवर दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना मिळालेल्या असतात. बहुतेकदा त्यातून होणारी देवाणघेवाण बरोबरीची राहते. पण एकाच वारेवरच्या या जोड्यांपैकी 10 ते 15 टक्क्यांमध्ये तोल जातो. एक बाळ देत राहते, दुसरे घेत राहते. देणाऱ्याचे रक्त कमी पडते, मूत्रपिंडे आखडता हात घेतात, लघवी कमी होते. गर्भजल हे मुख्यतः बाळाच्या लघवीचेच असल्यामुळे त्याच्या भोवतीचे पाणी आटते आणि पिशवी अंगाला चिकटते. घेणाऱ्याच्या शरीरात रक्ताचे ओझे वाढते, हृदय ताणले जाते, लघवी अमाप होते आणि त्याच्या पिशवीत पाण्याचा डोह साठतो. पाचव्या महिन्यातच आईचे पोट नवव्या महिन्यासारखे दिसू लागते. उपचार झाला नाही तर अशा तीव्र विकारात दहांपैकी आठ-नऊ बाळे दगावतात. डॉक्टर याला ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्यूजन सिंड्रोम म्हणतात, आणि बोलताना टीटीटीएस.

आम्स्टरडॅमजवळच्या मुइडर्स्लॉट या किल्ल्यात 1617 सालचे एक चित्र आहे. दोन तान्ही बाळे कापडात घट्ट गुंडाळून शेजारी शेजारी ठेवली आहेत. एकाचा चेहरा फिकट आहे, दुसऱ्याचा तांबूस. चित्रकार अनाम आहे. अलीकडच्या काळात डॉक्टरांनी हे चित्र नव्या नजरेने पाहिले, आणि अनेकांना त्यात या विकाराचे सर्वांत जुने चित्रण दिसले. चित्र म्हणजे केसपेपर नव्हे, आणि चार शतकांत रंगही बदलतात, हे मला मान्य आहे. तरी त्या अनाम माणसाविषयी मला आदर वाटतो. जुळी म्हणून दोघांना एकाच रंगात रंगवणे सोपे होते. त्याने तसे केले नाही. बाळांची आई मात्र चित्रात नाही.

वार जमिनीत न पुरता टेबलावर घेणारा माणूस जर्मनीत, बाल्टिक समुद्राच्या काठच्या रोस्टॉक शहरात भेटतो. फ्रीडरिश शाट्झ (1841–1920) हे तिथल्या विद्यापीठात स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक होते. जुळ्यांच्या वारा मिळवायच्या, नाळेतल्या वाहिन्यांमधून रंगीत द्रव सोडायचा आणि तो कुठे कुठे जातो त्याचा माग काढायचा, या कामात त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे घातली. एका बाळाच्या नाळेतून सोडलेला रंग दुसऱ्याच्या नाळेत उतरतो हे पाहणे एक गोष्ट, आणि त्यातून बाळांच्या मरणाचे कारण उलगडणे ही दुसरी. शाट्झ यांनी दोन्ही केले.

त्यांच्या लक्षात आले की वारेच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या जोडण्या फारशा घातक नाहीत. रोहिणीला रोहिणी जोडलेली असेल तर रक्त इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जाऊ शकते, तोल सांभाळला जातो. खरा धोका खोलवर आहे. एका बाळाची रोहिणी वारेच्या एखाद्या खंडात शिरते. त्या खंडात आईच्या रक्तातून प्राणवायू आणि अन्नरस घेऊन जे रक्त परतते, ते त्याच बाळाकडे न जाता नीलेवाटे दुसऱ्याकडे जाते. हा रस्ता एकेरी आहे. एका बाळाचे स्वतःचे अभिसरण, दुसऱ्याचे स्वतःचे, आणि या दोघांमधले तिसरे. शाट्झ यांनी त्याला नावच ‘तिसरे अभिसरण’ असे दिले. 1882 मध्ये त्यांनी एका बाजूला गर्भजलाचा पूर आणि दुसऱ्या बाजूला दुष्काळ असलेल्या एकबीज जुळ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि त्या पाण्याचा संबंध रक्ताच्या ओझ्याशी आणि मूत्रपिंडांच्या कामाशी लावला. सोनोग्राफी नव्हती, क्ष-किरणांचा शोधही लागायचा होता. हातात होती ती जन्मानंतरची वार आणि शवविच्छेदन. तेवढ्यावर त्यांनी जो आराखडा मांडला, त्याचा गाभा आजही टिकून आहे.

पण या ज्ञानाचा उपयोग काय, हा प्रश्न शंभर वर्षे अनुत्तरित राहिला. वार हाती येई तेव्हा वेळ निघून गेलेली असे.

शाट्झ यांच्याच काळात, 1892 मध्ये, एडिंबरोच्या जॉन विल्यम बॅलंटाइन यांनी एक वेगळे निरीक्षण नोंदवले. पोटातल्या गर्भाच्या अंगात पाणी भरले, वार सुजली, की काही वेळा आईच्या अंगावरही तशीच सूज चढते. जणू गर्भाचा आजार आईच्या शरीरात उमटतो. पुढे या अवस्थेला बॅलंटाइन यांचे नाव मिळाले, ‘आरसा’ असेही नाव मिळाले. जुळ्यांच्या विकारातही ती दिसू शकते. इथे एक धागा हाती आला होता: गर्भाचे बिघडलेले अभिसरण आणि आईच्या रक्तातले पाणी-प्रथिनांचे गणित एकमेकांत गुंतलेले आहे. तो धागा तसाच सुटला.

विसाव्या शतकाच्या मध्यात विषय बालरोगतज्ज्ञांकडे गेला, आणि त्यांनी स्वाभाविकपणे तो जन्मलेल्या बाळांवरून ठरवला. दोघांच्या वजनात 20 टक्क्यांहून अधिक फरक आणि हिमोग्लोबिनमध्ये पाच ग्रॅमहून अधिक तफावत असली की निदान पक्के, असा दंडक 1960च्या दशकात रूढ झाला. पंचवीसएक वर्षे तो चालला. मग 1989 मध्ये डॅन्स्किन आणि नीलसन या ब्रिटिश डॉक्टरांनी दाखवून दिले, की स्वतंत्र वारा असलेल्या, म्हणजे ज्यांच्यात रक्ताची देवाणघेवाण शक्यच नाही अशा जुळ्यांतही हे फरक सापडतात. दंडक कोसळला. हा विकार म्हणजे एका मडक्यातले रक्त दुसऱ्यात ओतले जाणे, एवढे सोपे चित्र आता पुरणारे नव्हते.

वारेची आठवण या सगळ्या काळात ज्यांनी जागी ठेवली ते कुर्ट बेनिर्श्के. जर्मनीत जन्मलेले आणि अमेरिकेत स्थिरावलेले हे विकृतिशास्त्रज्ञ वारेच्या अभ्यासाचे आधारस्तंभ झाले. त्यांनी आर्माडिलोंचाही अभ्यास केला. अंगावर नऊ पट्ट्यांचे कवच असलेला हा अमेरिकन प्राणी दर वेळी एकाच बीजापासून चार एकसारखी पिल्ले देतो, म्हणून जुळ्यांच्या अभ्यासकाला त्याचे महत्त्व. पुढे सॅन दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात दुर्मीळ प्राण्यांच्या पेशी गोठवून जपण्याचे कामही त्यांनीच सुरू केले. जुळी बाळे जन्मली की वार फेकू नका, तपासा, असे ते सांगत राहिले. ज्या काळात प्रसूतिगृहातून वार थेट कचऱ्यात जाई, त्या काळात हा आग्रह मोलाचा होता.

गर्भाला जिवंतपणी पाहण्याची वाट 1958 मध्ये ग्लासगोत इयन डोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीच्या रूपाने उघडली. 1980च्या दशकापर्यंत पडद्यावर डोहात पोहणारे एक बाळ आणि पिशवीच्या भिंतीला चिकटलेले दुसरे, असे दृश्य दिसू लागले. ते दिसल्यावर डॉक्टरांना स्वस्थ बसवेना. पोटातून सुई घालून घेणाऱ्या बाळाच्या पिशवीतले जास्तीचे पाणी काढायचे, पुन्हा साठले की पुन्हा काढायचे, हा उपाय सर्वत्र सुरू झाला. पाणी काढल्यावर आईला श्वास घेता येई, कळा लांबणीवर पडत, काही बाळे वाचत. वारेवरच्या जोडण्या मात्र तशाच राहत.

अमेरिकेच्या युटा राज्यात काम करणाऱ्या ज्युलियन दि लिया यांना हे अपुरे वाटले. 1985 मध्ये त्यांनी एका रुग्णेला हृदयविकारावरचे डिजॉक्सिन देऊन वारेवाटे घेणाऱ्या बाळाचे थकलेले हृदय सावरल्याचे प्रसिद्ध केले. पण त्यांचा खरा निशाणा जोडण्यांवर होता. दुर्बिणीसारखी नळी गर्भाशयात घालून लेसरने वारेवरच्या वाहिन्या बंद करता येतील का, हे त्यांनी आधी मेंढ्यांवर, मग ऱ्हीसस माकडांवर तपासले. 1988 मध्ये पहिल्यांदा स्त्रीवर ही शस्त्रक्रिया झाली आणि 1990 मध्ये तीन रुग्णांचा अहवाल छापून आला. शाट्झ यांनी 1882 मध्ये लिहिले आणि 1988 मध्ये कोणी तरी त्या वाहिनीपर्यंत हात पोहोचवला. मधली 106 वर्षे.

दि लिया यांची पद्धत जड होती. आईला पूर्ण भूल द्यायची, पोट उघडायचे आणि मग गर्भाशयात नळी घालायची. लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये किप्रोस निकोलाइडीस आणि इव्ह व्हिल यांनी ती सुटसुटीत केली. जागेपुरती भूल द्यायची आणि कातडीतूनच बारीक नळी आत घालायची. 1995 मध्ये त्यांनी 45 गरोदर स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. 90 बाळांपैकी 48 वाचली होती. हा आकडा आज कमी वाटेल. त्या काळी, जिथे बहुतेक सगळी जात, तिथे निम्म्याहून अधिक वाचणे ही फार मोठी गोष्ट होती. 1999 मध्ये रुबेन क्विंटेरो यांनी विकाराच्या पाच पायऱ्या ठरवून दिल्या, आणि जगभरचे डॉक्टर एका भाषेत बोलू लागले.

शस्त्रक्रियेची गाडी अशी पुढे चालली असतानाच प्रयोगशाळांमध्ये दुसरा शोध सुरू होता. माझ्या मते या हकिगतीतले सर्वांत मोठे वळण इथे आहे, आणि त्याची म्हणावी तेवढी चर्चा होत नाही.

आधी हृदय आणि मूत्रपिंडे. घेणाऱ्या बाळाचे हृदय ताणले गेले की त्यातून एक संप्रेरक सुटते आणि ते मूत्रपिंडांना पाणी सोडायला लावते. या बाळांच्या रक्तात ते वाढलेले सापडले. उलट देणाऱ्याच्या मूत्रपिंडात रेनिन उसळते. रक्त कमी पडले की पाणी आणि मीठ धरून ठेवा, वाहिन्या आवळा, असा तो इशारा. पॅरिसच्या माहियू-कापुतो आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दगावलेल्या जोड्यांची मूत्रपिंडे तपासली, तेव्हा देणाऱ्यांत रेनिनचा अतिरेक आणि घेणाऱ्यांत ते जवळजवळ नाहीसे झालेले दिसले. इथे कोडे उभे राहते. घेणाऱ्याने स्वतःचे रेनिन बंद केले आहे, तरी त्याचे हृदय आणि वाहिन्या उच्च रक्तदाबाने पिडल्यासारख्या का दिसतात? उत्तर तिसऱ्या अभिसरणात आहे. देणारे बाळ स्वतःला वाचवण्यासाठी जी संप्रेरके तयार करते, ती रक्ताबरोबर त्या एकेरी वाटेने भावंडाकडे जातात. एकाची धडपड दुसऱ्याला भोवते. म्हणजे जोडणीतून नुसते रक्त जात नव्हते. त्याबरोबर आज्ञा जात होत्या, आणि त्या चुकीच्या घरी पोहोचत होत्या.

मग अन्नाचा प्रश्न आला. रेखा बजोरिया आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये अशा जोड्यांच्या रक्तातली अमिनो आम्ले मोजली. प्रथिने ज्या घटकांची बनतात ते हे घटक. त्यांचा शोधनिबंध 2000 मध्ये आला. देणाऱ्या बाळाच्या रक्तात ती घेणाऱ्यापेक्षा कमी होती. आई एक, वार एक, आईच्या रक्तातला साठा एक, तरी एका ताटात वाढले गेले आणि दुसरे ताट रिकामे राहिले. रक्त निसटल्यामुळेच हे झाले असे म्हणून भागत नाही. देणाऱ्याच्या वाट्याला आलेला वारेचा भाग आईकडून अन्नघटक ओढून घेण्यातही कमी पडत होता. वाढीला चालना देणाऱ्या, इन्सुलिनशी नाते सांगणाऱ्या घटकांवरही याच गटाने काम केले, आणि तिथेही दोन बाळांची जुळणी होत नव्हती. नळजोडणी म्हणून पाहिलेला आजार आता चयापचयाचा आजार म्हणूनही दिसू लागला.

आणि आई? तिच्याकडे पाहिले ते पुन्हा दि लिया यांनीच. एव्हाना ते विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात होते आणि दूरदूरच्या गावांहून बायका त्यांच्याकडे येत होत्या. शस्त्रक्रियेआधी आईचे रक्त तपासले जाई, कारण भूल द्यायची असे. ते अहवाल एकामागून एक पाहताना त्यांना एक गोष्ट खटकत राहिली. या स्त्रियांचे हिमोग्लोबिन फार कमी असे, आणि रक्तातली प्रथिने, विशेषतः अल्ब्युमिन, त्याहून चिंताजनक. 2000 मध्ये त्यांनी कुहलमन आणि एमरी यांच्यासह ही निरीक्षणे प्रसिद्ध केली. एकच बाळ असलेल्या, तसेच विकार नसलेली जुळी असलेल्या गरोदर स्त्रियांशी तुलना केली, तेव्हा टीटीटीएस असलेल्या मातांचे रक्त गरोदरपणाच्या मध्यालाच अधिक पातळ आणि प्रथिनांनी अधिक गरीब होते.

याचा अर्थ समजायला अल्ब्युमिनचे काम समजायला हवे. हे प्रथिन रक्तात पाणी धरून ठेवते. ते कमी झाले की पाणी वाहिन्यांबाहेर झिरपते. कुपोषित मुलाचे पाय सुजतात ते याच कारणाने. गरोदर आईच्या रक्ताला वारेच्या पलीकडे गर्भाचे रक्त लागून असते. आईची पाणी धरण्याची शक्ती घटली तर पाणी गर्भाकडे सरकणे सोपे होते, आणि ज्या बाळाकडे आधीच ओझे आहे त्याच्याकडे ते अधिक जाते. दि लिया यांची मांडणी अशी होती की जोडण्या तर असतातच, पण आईच्या पोषणाची तूट हा तोल ढळवणारा एक धक्का असू शकतो. म्हणून शस्त्रक्रियेआधी आणि नंतर आईला भरपूर प्रथिने, पूरक पेये, लोह आणि विश्रांती द्या, असे ते सांगू लागले. या विकाराने मूल गमावलेल्या एका आईच्या पुढाकाराने 1989 मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या संस्थेने हा सल्ला घरोघरी पोहोचवला. डॉक्टरांच्या परिषदांपेक्षा आयांच्या आपसातल्या बोलण्यातून तो अधिक फिरला, असे मला वाटते. भुकेची आणि थकव्याची जाणीव त्यांना आतूनच होती.

या मांडणीवर रास्त आक्षेपही आहे. कोणत्याही गरोदरपणात रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे हिमोग्लोबिन आणि अल्ब्युमिन खाली येतात. जुळ्यांत ते आणखी येतात. डोहासारखे पाणी साठले, पोट दाबले गेले, जेवण जाईना, की आणखी. म्हणजे आईची तूट हे विकाराचे कारण की परिणाम? माझे मत असे, की हे दोन्ही एकमेकांना खेचत नेतात. बॅलंटाइन यांनी पाहिलेला आरसा दोन्ही बाजूंनी दाखवतो. 2008 मध्ये किओसी आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदी चाळून दाखवले की एकाच वारेच्या जुळ्यांत ज्या मातांना पूरक आहार दिला गेला होता, त्यांच्यात हा विकार कमी आढळला. त्याच वर्षी रोबेर्तो रोमेरो यांच्या डेट्रॉइटमधल्या गटाने दाखवले की टीटीटीएस असलेल्या मातांच्या रक्तात नव्या वाहिन्यांच्या वाढीला खीळ घालणारी प्रथिने वाढलेली असतात, जशी गरोदरपणातल्या उच्च रक्तदाबाच्या आजारात वाढतात. बिघाड दोन बाळांपुरता राहत नाही, तो आईच्या रक्तापर्यंत येतो, हे आता वेगवेगळ्या दारांनी दिसत होते. तरीही किओसी यांचा अभ्यास लहान होता, मागे वळून केलेला होता, आणि आहाराला उपचार म्हणून मार्गदर्शक तत्त्वांत जागा मिळाली नाही.

लेसरला मिळाली. युरोपातल्या केंद्रांनी मिळून 142 स्त्रियांची चाचणी केली. 72 जणींना लेसर, 70 जणींना पाणी काढण्याचा जुना उपाय, आणि कोणाला काय हे चिठ्ठी टाकल्यासारखे योगायोगाने ठरवलेले. मधल्या टप्प्यावर हिशेब केला तेव्हा फरक इतका स्पष्ट होता की चाचणी थांबवण्यात आली. लेसरच्या गटात 76 टक्के जोड्यांतले किमान एक बाळ 28 दिवसांपर्यंत जिवंत होते, दुसऱ्या गटात 56 टक्के. मेंदूला इजा होण्याचे प्रमाणही लेसरमध्ये कमी. 2004 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वाद मिटला. पुढे लायडन इथल्या डॉक्टरांना दिसले की लेसरनंतर केसाएवढ्या बारीक जोडण्या राहिल्या तर पाण्याचा फरक न होताही एक बाळ हळूहळू रक्तक्षयी आणि दुसरे दाट रक्ताचे होते. त्यावर वारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लेसरने सलग रेष ओढण्याची पद्धत आली, आणि 274 स्त्रियांच्या चाचणीत ती उपयोगी ठरल्याचे 2014 मध्ये दिसले. तो अवशिष्ट विकार 16 टक्क्यांवरून 3 टक्क्यांवर आला.

वाचलेली बाळे मोठी झाली, आणि त्यांच्या शरीराने गर्भातली आठवण जपली. लंडनमधल्या हेलेना गार्डिनर आणि सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या रोहिण्यांचा लवचिकपणा मोजला. लेसर न झालेल्या जोड्यांत देणाऱ्या मुलाच्या रोहिण्या बालपणीच अधिक ताठर होत्या. 2003 मध्ये त्यांनी दाखवले की ज्यांच्या जोडण्या लेसरने बंद केल्या होत्या, त्या जोड्यांत दोघांमधला हा फरक स्वतंत्र वारांच्या जुळ्यांसारखा होता. जनुके तीच, आई तीच, घर तेच. फरक फक्त गर्भातल्या काही आठवड्यांचा. साउदॅम्प्टनचे डेव्हिड बार्कर सांगत होते की गर्भातली उपासमार प्रौढपणी हृदयविकार आणि मधुमेह बनून परतते. त्या म्हणण्याला याहून स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

बार्कर यांचा विचार ज्या ठिकाणी सर्वांत कसून तपासला गेला, त्यात पुणे अग्रभागी आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्या बायका शेतात राबत होत्या, पाणी वाहत होत्या, कमी खात होत्या. त्यांची बाळे सरासरी सुमारे 2.7 किलोंची भरली. साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. आपली बाळे किडकिडीत दिसत, पण त्यांच्या अंगातली चरबी त्या मानाने टिकून होती. पुढच्या मधुमेहाची चाहूल तिथेच लागत होती. पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खाणाऱ्या आयांची बाळे मोठी भरत, हेही त्यातून पुढे आले. हा अभ्यास जुळ्यांचा नव्हता. पण आई काय खाते याचा हिशेब गर्भाच्या चयापचयात कसा लिहिला जातो, हे त्याने आपल्याच शिवारात दाखवले. 2019–21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मिलवॉकीत दि लिया यांना जो अहवाल खटकला, तसा अहवाल आपल्याकडे रोज येतो आणि कोणाला खटकत नाही, याचे मला वाईट वाटते.

आज एकाच वारेची जुळी असल्याचे पहिल्या तीन महिन्यांतच कळते. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे मिळतो, तिथे तो कसा दिसतो यावरून. सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करायची असते. एका पिशवीतल्या पाण्याची खोली 8 सेंटिमीटरच्या वर आणि दुसरीतली 2 सेंटिमीटरच्या खाली गेली की निदान होते. जन्मानंतर लायडनसारख्या ठिकाणी वार स्वच्छ धुतात, रोहिण्या-नीलांमध्ये वेगवेगळे रंग भरतात आणि तिचा फोटो काढून ठेवतात. शाट्झ यांचेच काम, अधिक चांगल्या उजेडात. आईच्या फाइलीत दोन्ही बाळांच्या पाण्याचे आकडे तारखेनिशी एकाखाली एक मांडलेले असतात. त्याच तारखांना तिचे हिमोग्लोबिन किती होते, अल्ब्युमिन किती, आणि त्या आठवड्यात तिला जेवण जात होते का, हे रकाने बहुतेक फाइलींत अजून आखलेले नाहीत.